घरासमोर पिकअपचं पुढचं सस्पेन्शन उघडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोत कोलंबसजवळ राहणाऱ्या एका वाचकाने 2010 ची शेव्हरोले सिल्व्हराडो 1500, फोर बाय फोर, वापरलेली घेतली. मीटर सव्वा लाख मैलांच्या पुढे गेलाय. उंचवट्यावरून जाताना डावीकडे ‘टक्’ असा आवाज येतो, हायवेला गाडी भटकते, आणि पुढचा डावा टायर आतल्या कडेने झिजलाय. गॅरेजने चारही बॉल जॉइंट (सस्पेन्शनचे आर्म चाकाकडे जोडणारे गोल सांधे), दोन्ही बाहेरचे टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्यांची चाकाकडची टोकं) आणि स्टॅबिलायझर (गाडी वळणावर कलू न देणारा दांडा) लिंक बदलायला सांगितल्या आणि आकडा ऐकून ते घरी आले. आता विचारतायत की हे काम घरासमोरच्या ड्राइव्हवेत होईल का. साताऱ्याहून वडील आलेले आहेत, त्यांनी उभी हयात टाटा 407 चालवली आणि स्वतः दुरुस्त केली, तेही मदतीला आहेत.

होईल. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी हे काम शिकलो आणि गेली बरीच वर्षं इथे मिडवेस्टात पिकअपच्या ताफ्याची देखभाल करतो. लिफ्ट नसल्यामुळे हे काम अडलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. ते अडतं गंजामुळे, आणि धोक्याचं होतं ते वजनामुळे. तुमची गाडी साधारण 2400 किलोची आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन चाकांवर आहे. त्यामुळे कुठलाही बोल्ट सोडण्याआधी स्वतःला विचारा: आत्ता हे वजन कशावर आहे, आणि हा बोल्ट निघाला की ते कशावर जाणार? उत्तर पटकन देता आलं नाही तर पाना खाली ठेवा. पुढे जे लिहितोय ते बहुतेक या एकाच प्रश्नाचं उत्तर आहे.

पहिल्यांदा वडिलांशी बोला, कारण त्यांच्या हातातली सवय दुसऱ्या प्रकारच्या गाडीची आहे. 407 ला पुढे सरळसोट अॅक्सल आणि खाली पाटे. चेसी उचलली की अॅक्सल पाट्यांना लोंबकळतो, ताण जवळजवळ संपतो, आणि किंगपिन काढताना अंगावर उसळून येईल असं काही उरत नाही. तुमच्या गाडीला दोन्ही बाजूंना वेगवेगळे वरचे-खालचे आर्म (चेसीला चाकाकडच्या भागाशी जोडणारे हात) आहेत, त्यांच्या टोकांना बॉल जॉइंट, आणि मध्ये दाबून बसवलेली स्प्रिंग. चेसी उचलल्यावरही ती स्प्रिंग पूर्ण मोकळी होत नाही. बाकी त्यांचं सगळं ज्ञान, म्हणजे गंजलेला नट कसा मनवायचा, टेपर (निमुळती घट्ट बसलेली दांडी) कसा उडवायचा, आवाज ऐकून दोष कुठे आहे ते सांगणं, इथे जसंच्या तसं उपयोगी पडेल. बऱ्याच तरुण मेकॅनिकांपेक्षा जास्तच.

स्प्रिंगबद्दल आणखी थोडं, कारण इतर गाड्यावालेही हे वाचतील. 2007 ते 2013 च्या सिल्व्हराडो 1500 मध्ये स्प्रिंग शॉकअॅब्झॉर्बरवरच चढवलेली असते. ही सगळी जोडणी एकत्र बाहेर निघते आणि स्प्रिंगचा जोर तिच्या आतच कोंडलेला राहतो. वर तीन नट आणि खाली दोन बोल्ट, एवढेच सोडायचे. वरच्या तीन नटांच्या मधोमध जो एकटा नट दिसतो, त्याला हात लावायचा नाही. तो सुटला की सगळा कोंडलेला जोर एका क्षणात बाहेर येतो. शॉक गेलेला असेल तर स्प्रिंगसकट तयार जोडणी विकत घ्या. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून घरी स्प्रिंग उतरवण्यात वाचणारे डॉलर त्या जोखमीच्या मानाने काहीच नाहीत.

हीच कंपनी, पण त्याआधीची 1999 ते 2006 ची पिढी असेल तर चित्र वेगळं आहे. तिच्या टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांत स्प्रिंग शॉकपासून सुटी, चेसी आणि खालच्या आर्मच्या मध्ये नुसती दाबून ठेवलेली असते. खालचा बॉल जॉइंट सुटला आणि आर्मखाली जॅक नसला तर आर्म खाली आपटतो आणि स्प्रिंग बाहेर उडते. त्या पिढीच्या फोर बाय फोरला स्प्रिंगच नाही, लांब टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत. ते सैल करायला खास ओढणी (पुलर) लागते, आणि त्याआधी अॅडजस्टिंग बोल्ट किती बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवावं लागतं, नाहीतर गाडीची उंची जुळत नाही. डावा-उजवा बार अदलाबदल करायचा नाही. 2500 एचडीला तर पुढेही बरीच वर्षं टॉर्शन बारच होते. म्हणून ‘माझ्या मित्राने त्याच्या शेव्हीचं केलं’ याला काही अर्थ नाही. आधी आपल्या गाडीखाली झोपून बघा.

आता निदान. गॅरेजने दिलेली यादी चुकीची आहे असं मी म्हणत नाही, पण सव्वा लाख मैलांच्या गाडीला ही यादी डोळे मिटूनही लिहिता येते. तुम्ही स्वतः तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि कदाचित निम्मे पार्ट वाचतील.

तुमच्या गाडीत भार खालच्या आर्मवर येतो, म्हणजे खालचा बॉल जॉइंट ओझं वाहतो. तो तपासायचा तर जॅक खालच्या आर्मखाली, होईल तेवढा चाकाच्या जवळ लावा आणि चाक जमिनीपासून इंचभर उचला. चेसीखालून उचललं तर आर्म लोंबकळतो, स्प्रिंग तो जॉइंट ओढून धरते आणि असलेला खेळ, म्हणजे सैलपणा, लपून जातो. तपासणीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. चाक वर आलं की टायरखाली लांब टॉमी घालून वर उचका आणि वडिलांना बॉल जॉइंटकडे टॉर्च मारून बघायला सांगा. रबरी बूट हलणं ठीक आहे. जॉइंटची दांडी त्याच्या घरात वरखाली होताना दिसली तर तो गेला.

मग चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या 12 आणि 6 वर धरून हलवा. खेळ जाणवला तर तो बॉल जॉइंटचा असेल किंवा हब बेअरिंगचा (चाक ज्यावर फिरतं ते). कुठला ते ओळखायला दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गायब झाला तर दोष बेअरिंगमध्ये आहे, आणि ते कुणी यादीत लिहिलेलंच नाही. खेळ तसाच राहिला तर बॉल जॉइंट. 3 आणि 9 वर धरून हलवल्यावर सैल लागलं तर टाय रॉड. बाहेरचा एंड डोळ्यांनी दिसतो. आतला रबरी घडीच्या बुटात लपलेला असतो. बूट मुठीत दाबून धरा आणि चाक हलवा, टकटक हाताला लागते. तुमच्या पिढीच्या गाडीला रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टीवर चालणारं) स्टिअरिंग आहे, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या स्टिअरिंगमधल्या आयडलर आर्म आणि पिटमन आर्म या जोड-दांड्यांची कटकट नाही. जुन्या पिढीच्या गाड्यांत मात्र भटकणारं स्टिअरिंग म्हटलं की मी आधी आयडलर आर्मकडेच जातो.

टायर आतून झिजलाय म्हणता, त्यावर एकदा तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे दात लागले तर टो (वरून बघितल्यावर पुढची दोन्ही चाकं एकमेकांना किती समांतर आहेत ते) बिघडलाय. नुसतीच आतली कड सपाट झाली असेल तर चाक वरून आत कललंय. वरचा बॉल जॉइंट किंवा आर्मचे बुश (आर्म चेसीला बसतो तिथले रबरी सांधे) सैल झाले की असंच होतं. लिंक तपासायला काहीच लागत नाही. गाडी जमिनीवर उभी असताना खाली हात घालून स्टॅबिलायझरची लिंक जोरात हलवा. हलली की बदला. उंचवट्यावरचा ‘टक्’ बऱ्याचदा इथूनच येतो, आणि हा सगळ्यात स्वस्त आणि सोपा पार्ट आहे.

पार्ट घेताना माझा ठाम सल्ला असा की नुसते बॉल जॉइंट घेऊ नका. बुश आणि बॉल जॉइंट आधीच बसवलेला पूर्ण आर्म घ्या, वरचाही आणि खालचाही. दाबून बसवलेला जॉइंट काढायला प्रेस भाड्याने मिळतो, पण ओहायोत हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्लेल्या आर्ममधून तो जॉइंट ड्राइव्हवेत गुडघ्यावर बसून काढणं म्हणजे अर्धा दिवस घण मारणं. ते करूनही जुने बुश जुनेच राहतात. पूर्ण आर्मचा खर्च थोडा जास्त येतो, पण काम निम्मं होतं. मागवण्याआधी गाडीवरच्या आर्मला चुंबक लावून बघा. 2014 नंतरच्या सिल्व्हराडोत एकाच वर्षाच्या गाड्यांना पत्र्याचे पोलादी आणि अॅल्युमिनियमचे असे दोन्ही प्रकार निघाले आणि त्यांचे पार्ट एकमेकांना बसत नाहीत. आपल्या गाडीचा व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकूनच ऑर्डर द्या. मूग, एसीडेल्को, मेव्होटेक यांपैकी कुठल्याही कंपनीचा चालेल. अगदी कवडीमोल भावाचे जे आर्म ऑनलाइन मिळतात त्यांचा बूट पातळ असतो. तो दोन हिवाळ्यांत फाटतो आणि मग आत पाणी-मीठ जायला किती वेळ लागतो!

हत्यारांवर फार खर्च करू नका. ऑटोझोन, ओरायली यांच्या दुकानांत बॉल जॉइंट वेगळा करायची ओढणी, टाय रॉडची ओढणी अशी हत्यारं अनामत ठेवून नेता येतात, परत दिली की पैसे परत मिळतात. स्वतःची हवीत ती दोन: चांगला टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) आणि चांगले जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे आधार).

स्टँडबद्दल मी जरा लांबण लावणार आहे. 2020 मध्ये हार्बर फ्रेट या हत्यारांच्या दुकानांच्या साखळीने पिट्सबर्ग नावाखाली विकलेले 3 टनी आणि 6 टनी जॅक स्टँड परत बोलावले, कारण उंची धरून ठेवणारे दाते नीट न अडकता स्टँड खाली बसू शकत होता. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काही पुन्हा परत बोलवावे लागले. कुणाच्या गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेला किंवा यार्ड सेलमधून आणलेला स्टँड असेल तर आधी त्यावरचा आयटम नंबर त्या रिकॉलशी ताडून बघा. तुम्हाला वजनासाठी 3 टनी पुरेसा आहे, पण पिकअपची चेसी उंच असते आणि 3 टनी स्टँड तिथपर्यंत जेमतेम पोचतो. उंचीसाठी 6 टनी घ्या. सिमेंटचे पोकळ ब्लॉक कधीही वापरू नका. आपल्याकडे रस्त्याकडेला चाकामागे दगड लावतात ते चालतं, कारण दगड फक्त चाक अडवतो. गाडीखाली ठेवलेला पोकळ ब्लॉक मात्र कसलीही सूचना न देता फुटतो.

तुमचा ड्राइव्हवे डांबरी असेल तर जून-जुलैच्या दुपारी डांबर मऊ होतं आणि स्टँडचे पाय रुततात. प्रत्येक स्टँडखाली पाऊण इंच जाडीच्या प्लायवूडचा चौकोन ठेवा. उतार नजरेला जाणवण्याइतका असेल तर हे काम तिथे करू नका, एखाद्या मित्राचा सपाट गॅरेज-फ्लोअर मागा. पुढची चाकं वर गेली की गाडी फक्त मागच्या चाकांनी धरलेली असते. म्हणून पार्किंग ब्रेक लावा, मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) न्यूट्रलमध्ये नाही याची खात्री करा. तो न्यूट्रलमध्ये असला की गिअर ‘पार्क’मध्ये असूनही मागची चाकं मोकळी राहतात. फोर बाय फोरवाल्यांना हे माहीत असतं, पण नेमक्या वेळी आठवत नाही.

सोसायटीचे म्हणजे एचओएचे नियम वाचून घ्या. काही ठिकाणी गावाचेच नियम कडक असतात. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो काउंटीत घरी फक्त किरकोळ दुरुस्ती चालते, आणि उघड्यावर गाडी 24 तासांहून जास्त वेळ चालू न होणाऱ्या अवस्थेत ठेवता येत नाही. तुमच्याकडे काय आहे ते विचारा, कारण हे काम पहिल्यांदा करणाऱ्याचं एका दिवसात उरकत नाही. पहिली बाजू दिवस खाते, दुसरी त्याच्या निम्म्या वेळात होते. घरात दुसरी गाडी हवी, पार्टच्या दुकानात एक फेरी ठरलेलीच आहे.

आदल्या दिवशी एक काम करा. हात लागेल त्या प्रत्येक नट-बोल्टावर गंज सोडवणारं तेल मारा, पीबी ब्लास्टर किंवा तसलं. साधं डब्ल्यूडी-40 इथे कमी पडतं. रात्री पुन्हा एकदा मारा. सकाळी गाडी चाकांवरच उभी असताना खालच्या आर्मचे दोन मोठे बोल्ट फक्त पाव आटा सैल होतात का ते बघा आणि पुन्हा आवळून ठेवा. नट सुटला पण बोल्ट फिरत नाही असं झालं तर बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटलाय. मिठाच्या राज्यांत हे नेहमीचं आहे. मग तो रेसिप्रोकेटिंग सॉने बुशच्या दोन्ही बाजूंनी कापूनच काढावा लागतो, आणि नवे बोल्ट, दोन-चार जादा पाती आणि संयम लागतो. हे आधीच कळलं तर गाडी अजून चालती आहे आणि निर्णय तुमच्या हातात आहे. चेसीवर आर्म बसतो तिथे गंजाचे पापुद्रे सुटत असतील, हातोडीने टकटक केल्यावर बोदा आवाज येत असेल, तर सगळं थांबवा. तिथे नवा आर्म लावून काही उपयोग नाही, आधी वेल्डिंग करणाऱ्याला दाखवा.

आर्मच्या बोल्टाला अंडाकृती कॅमची चकती (फिरवून चाकाचा कोन जुळवायची) असेल तर ती कुठे होती याची रंगाने खूण करा. आणि उचलण्याआधी, गाडी चाकांवर असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवा. या आकड्याचं काम शेवटी आहे.

अॅक्सलचा मोठा नट जमिनीवरच सैल करा, मधलं झाकण काढून. हवेत चाक फिरतं आणि नट हसतो. मग पुढच्या क्रॉसमेंबरखाली जॅक लावून दोन्ही चाकं वर घ्या, डिफरन्शियलखाली किंवा ऑइल पॅनखाली नाही. स्टँड चेसीच्या दोन्ही दांड्यांखाली, आर्मच्या मागे. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर पिळला जातो आणि लिंकचा बोल्ट निघता निघत नाही. गाडी स्टँडवर टेकली की तिला कुल्ल्याने जोरदार धक्का द्या. डुलायची असेल तर ती आत्ता डुलू दे, तुम्ही खाली असताना नको. काढलेली चाकं चेसीखाली आडवी सरकवून ठेवा. सगळं फसलं तरी गाडी त्यांच्यावर थांबेल.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तुमचा नकाशा आहे.

कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रॅकेटसकट काढून तारेने आर्मच्या वर टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. डिस्क बाजूला. एबीएसची वायर क्लिपांमधून सोडवा, नाहीतर नकल (चाकाचा हब धरणारा, वळणारा भाग) बाहेर झुकला की तीच आधी तुटते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. बाहेरच्या टाय रॉडचा जॅम नट सैल करण्याआधी एंड ज्या जागी आहे तिथे रॉडच्या आट्यांवर रंग लावा आणि एंड काढताना किती फेरे फिरला ते मोजा. नवा एंड तेवढेच फेरे आत. अलाइनमेंट (दुकानात मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) होईपर्यंत गाडी सरळ चालवायला एवढं पुरतं.

आता जॅक खालच्या आर्मखाली आणा आणि हलकेच वर घ्या, आर्म जरा उचलला जाईपर्यंत. तुमच्या गाडीत स्प्रिंग कोंडलेली असली तरी आर्मवर थोडा ताण असतो. ‘आता वजन कशावर’ याचं या क्षणीचं उत्तर हा जॅक आहे, आणि तो दोन्ही बॉल जॉइंट सुटेपर्यंत तिथून हलत नाही.

टेपर तोडणं हे या कामातलं सगळ्यात मजेचं काम आहे, निदान माझ्यासाठी. बॉल जॉइंटची दांडी नकलमध्ये निमुळत्या भोकात घट्ट बसलेली असते. नट पूर्ण काढू नका, काही आटे सैल करून तिथेच राहू द्या, म्हणजे टेपर सुटला तरी आर्म झेप घेणार नाही. मग पोलादी नकलच्या त्या डोळ्याच्या बाहेरच्या बाजूवर, जिथे धातू जाड आहे तिथे, दोन-तीन किलोच्या घणाने ठणठणीत घाव घाला. दांडीवर नाही, नटावर नाही, डोळ्याच्या कडेवर. धातू क्षणभर आकार बदलतो आणि टेपर ‘पट्’ करून उडतो. हे वडिलांकडे सोपवा, 407 च्या टाय रॉडवर त्यांनी हेच केलंय. नकल अॅल्युमिनियमचा असेल तर घण बाजूला ठेवा आणि ओढणी वापरा. दुबेळक्याची पाचर, जिला इथे पिकल फोर्क म्हणतात, ती बूट हमखास फाडते. जॉइंट फेकायचाच असेल तर चालेल, परत वापरायचा असेल तर नाही. आच देऊ नका. आत ग्रीस आणि बाजूला सीव्ही जॉइंटचं (अॅक्सलच्या वळणाऱ्या सांध्याचं) रबर आहे.

वरचा जॉइंट सुटला की नकल बाहेर कलतो आणि अॅक्सल ओढला जातो. जास्त ओढला तर आतला सीव्ही जॉइंट त्याच्या कपातून सुटतो आणि मग तुमच्या यादीत अॅक्सलही येतो. नकल एका हाताने सांभाळत अॅक्सल हबमधून आत सरकवा आणि तारेने वर बांधा. चिकटला असेल तर हातोडा थेट आट्यांवर मारू नका, नट परत टोकापर्यंत चढवून त्यावर लाकूड ठेवून मारा. नकल जड असतो. त्याचं वजन होजवर किंवा वायरवर जाणार नाही एवढं बघा.

शॉकचे खालचे दोन बोल्ट आर्मवरच्या क्लिप-नटमध्ये जातात. हे नट गंजून फिरायला लागतात किंवा फुटतात. नवे नट आधीच आणून ठेवा, स्वस्त असतात. आर्मचे दोन्ही बोल्ट काढले की जुना आर्म हातात येतो.

जोडताना तीन गोष्टी, त्यातली तिसरी बहुतेक लोक चुकवतात.

टेपर कोरडा आणि स्वच्छ. त्याला ग्रीस लावलं की नट आवळताना दांडी गरजेपेक्षा आत ओढली जाते. ग्रीस निपल असेल तर ग्रीस जोडणी पूर्ण झाल्यावर, बूट किंचित फुगेपर्यंत, फुटेपर्यंत नाही. नव्या जॉइंटबरोबर आलेला नवाच नट वापरा. त्याला स्प्लिट पिन असेल तर ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळा आणि भोक जुळत नसेल तर आणखी थोडं आवळून जुळवा. जुळवण्यासाठी कधीही उलटं फिरवायचं नाही.

इम्पॅक्ट गन सोडवायला ठीक, शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच. तुमच्या गाडीच्या अॅक्सल नटाला 177 फूट-पाउंड, चाकाच्या नटांना 140. आर्म आणि बॉल जॉइंटचे आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून आणि पार्टच्या डब्यातल्या कागदावरून घ्या, दोन्ही जुळत नसतील तर पार्ट बनवणाऱ्याचा धरा, कारण नट त्याचा आहे.

आणि तिसरी. आर्मच्या बुशचे बोल्ट आर्म हवेत लोंबकळत असताना पक्के आवळायचे नाहीत. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, त्यात काहीच फिरत नाही, रबर फक्त पिळलं जातं. आर्म लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर आतली नळी त्याच कोनात जखडली जाते. मग गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात अजून पिळलं जातं. गाडी थोडी उंच बसते, अलाइनमेंट काही दिवसांनी बदलतं आणि नवा बुश वर्षा-दोन वर्षांत फाटतो. मग लोक पार्टला शिव्या देतात. म्हणून बोल्ट हाताने चढवून ठेवा, नकल जोडा, आणि जॅक खालच्या आर्मखाली लावून तो वर घ्या, इतका की टेपवर लिहिलेलं ते अंतर, हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं, पुन्हा आलं पाहिजे. तिथे पोचेपर्यंत चेसी स्टँडवरून उचलली जायला लागली तर थांबा, पूर्ण उचलू देऊ नका. राहिलेलं आवळणं चाकं बसवून, गाडी जमिनीवर उतरवून, खाली सरकून करा. वरच्या आर्मलाही हेच लागू आहे.

कॅलिपर परत लावला की गाडी हलवण्याआधी ब्रेक पॅडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे ढकलला गेला असेल तर पहिलं पॅडल थेट खाली जातं, आणि ते रस्त्यावर कळणं बरं नाही.

पहिली फेरी घराच्या गल्लीतच, हळू. वळणावर खडखड, ब्रेकला ‘टक्’ असं काही आलं तर परत येऊन प्रत्येक नट पुन्हा तपासा. मग थेट अलाइनमेंटला जा, हायवेने फिरून येऊ नका. पार्ट बदलल्यावर टो नक्कीच हललेला असतो. अलाइनमेंटला साधारण 100 ते 150 डॉलर लागतात आणि ते वाचवायचे पैसे नाहीत, नव्या टायरची किंमत लक्षात घ्या. दुकानातून आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्या. दोन्ही बाजूंचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कास्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) एकमेकांच्या जवळ आणि मर्यादेत आले पाहिजेत. कॅम पूर्ण एका टोकाला नेऊनही एका चाकाचा कॅम्बर जुळत नाही असं ते म्हणाले, तर तुमच्या कामात खोट असण्यापेक्षा नकल किंवा चेसी आधीच वाकलेली असण्याची शक्यता जास्त. वापरलेल्या गाडीत ती कुठल्या खंदकात गेली होती हे विकणारा सांगत नाही.

पन्नास ते शंभर मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. आतल्या कडेने झिजलेला तो डावा टायर पुढे ठेवू नका, मागे टाका किंवा जोडीने बदला. नाहीतर गाडी एका बाजूला ओढत राहील आणि तुम्ही पुन्हा बॉल जॉइंटकडे बघत बसाल.